परतीची गाडी

पुण्याहून कोल्हापूरला रेल्वेने यायचं तर घड्याळ पिशवीत ठेवावं, असं आमची आत्ती म्हणायची. तेव्हा लाइन एकेरी होती. समोरून गाडी यायची असली की आपली गाडी कुठल्यातरी लहानशा स्टेशनात बाजूच्या रुळावर उभी. चहावाला नाही, पंखा नाही, आणि किती वेळ ते सांगणारं कुणी नाही. २००६ च्या मे महिन्यात मी आत्तीला घेऊन येत होतो, तेव्हा साताऱ्याच्या अलीकडे असेच तासभर अडकलो. शेवटी समोरून जी गाडी आली ती लष्कराची स्पेशल. सपाट वाघिणींवर एकामागे एक ट्रक, हिरव्या ताडपत्र्या आवळून बांधलेले, चाकांखाली लाकडाचे ठोकळे. मधल्या एका डब्याच्या दारात दोन जवान स्टोव्हवर काहीतरी शिजवत होते. आत्तीने वाघिणी मोजल्या (ती काहीही मोजायची, जिन्याच्या पायऱ्यासुद्धा) आणि मला विचारलं, "आरं, जाताना एवढं भरून नेत्यात, मग येताना ही गाडी काय आणती?"

मी म्हटलं, "काय आणणार आत्ती, रिकामी येत असेल."

"रिकामी कशाला यील? रिकाम्या गाडीलाबी कोळसा लागतोयच की."

समोर डिझेल इंजिन धडधडत गेलेलं असताना हा कोळसा. मी हसलो आणि विषय तिथेच राहिला. पण कोल्हापूर यायच्या जरा आधी वळिवडे स्टेशन लागलं, तशी ती खिडकीबाहेर बोट करून म्हणाली, "हितं पोलंडच्या बायका राहायच्या. भाजीला कोल्हापुरात यायच्या. आमी पोरं मागनं फिरायचो बघायला." ही गोष्ट घरातल्या सगळ्यांनी दहादा ऐकलेली आहे, त्यामुळे मी नुसती मान हलवली.

त्या दिवशीच्या तिच्या या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे कळायला मला पुढे कित्येक वर्षं लागली. वळिवड्याला पोलंडच्या बायका कुठून आल्या, याचा माग काढत मी जो मागे गेलो, तो थेट इराणच्या आखातातल्या एका चिखलाच्या बंदरावर जाऊन पोचलो. म्हणून आज त्या बंदराची आणि तिथून निघणाऱ्या रेल्वेची गोष्ट सांगतो. थोडी लांबेल.

बंदराचं तेव्हाचं नाव बंदर शाहपूर. आज त्याला बंदर इमाम खोमेनी म्हणतात. इराणच्या नैऋत्य कोपऱ्यात, आखाताच्या टोकाला, भरतीला पाणी चढतं आणि ओहोटीला नुसता चिखल उरतो अशा जागी ते वसलेलं. जवळ गाव नाही, झाड नाही. रेल्वे होती म्हणून ते बंदर होतं, एरवी तिथे कुणी मुक्कामसुद्धा केला नसता.

ही रेल्वे रझाशाहची. १९२७ साली काम सुरू झालं आणि १९३८ मध्ये पुरं झालं. दक्षिणेला आखातावर बंदर शाहपूर, उत्तरेला कास्पियन समुद्रावर बंदर शाह, मध्ये तेहरान. एकूण १३९४ किलोमीटर. इंग्रज आणि रशियन, दोघांनीही इराणला आधी इतकं पिळलेलं होतं की या कामासाठी परदेशी कर्ज घ्यायचं नाही असं ठरलं. मग पैसा कुठून? चहा आणि साखर यांच्यावरच्या करातून. इराणी माणूस साखरेचा खडा दातात धरून चहा पितो. म्हणजे अकरा वर्षं लोकांनी घोटाघोटाने ही रेल्वे बांधली म्हणायची. त्यावर टीकाही झाली. मोसद्देक (पुढे तेलामुळे जगाला माहीत झाले तेच) मजलिसमध्ये म्हणत होते की उत्तर-दक्षिण लाइनीचा आपल्या व्यापाराला काय उपयोग, बांधायची तर पूर्व-पश्चिम बांधा. समुद्रापासून समुद्रापर्यंत जाणारी ही लाइन परक्या सैन्यांच्याच जास्त कामाची आहे, अशी शंका तेव्हाच घेतली जात होती.

बांधकाम मात्र थक्क करणारं. २२४ बोगदे, १७४ मोठे पूल, १८६ लहान पूल. काही बोगदे तर डोंगराच्या पोटात गोल फिरून वर चढतात. २०२१ मध्ये युनेस्कोने या रेल्वेला जागतिक वारशात घेतलं. आपला खंडाळ्याचा घाट मला प्रिय आहे, पण फोटो बघताना मान्य करावं लागलं की हे प्रकरण वेगळं आहे. समुद्रसपाटीपासून निघून गाडी दोन हजार मीटरच्या वर चढते आणि मग पुन्हा उतरते.

२२ जून १९४१ ला हिटलरने रशियावर हल्ला केला. रशियाला शस्त्रं, गाड्या, अन्न पोचवायचं तर रस्ते तीनच. पहिला उत्तर ध्रुवाजवळून मुर्मान्स्क आणि अर्खांगेल्स्कला. तिथे जर्मन पाणबुड्या आणि विमानं टपलेली. दुसरा पॅसिफिकमधून व्लादिवोस्तोकला. पण जपान आणि रशिया यांचं आपापसात युद्ध नव्हतं, त्यामुळे त्या वाटेने अन्न, कच्चा माल जाऊ शकत होता, शस्त्रं नाहीत. तिसरा इराणमधून. बर्फ नाही, पाणबुड्या फार नाहीत, आणि रेल्वे तर आयतीच बांधून तयार! अडचण एकच होती, इराण तटस्थ होता.

ती अडचण २५ ऑगस्ट १९४१ ला पहाटे सोडवण्यात आली. उत्तरेकडून रशियन आणि दक्षिणेकडून इंग्रज फौजा एकाच दिवशी आत घुसल्या. कारण सांगितलं ते इराणमधल्या जर्मन लोकांचं. इंग्रज फौजा म्हणायचं, पण त्यातले बहुतेक शिपाई आपले. बंदर शाहपूरवर कनिम्बला नावाच्या ऑस्ट्रेलियन जहाजातून जे सैनिक उतरले ते बलुच रेजिमेंटच्या दोन कंपन्यांचे. बंदरात जर्मनीची पाच आणि इटलीची तीन व्यापारी जहाजं अडकून पडलेली होती, त्यांवर ताबा मिळवणं हे पहिलं काम. आठवडाभरात सगळं आटोपलं. १६ सप्टेंबरला रझाशाहने गादी सोडली आणि त्याला देशाबाहेर काढण्यात आलं.

इथे एक छोटंसं विषयांतर करतो, कारण ते मला फार लागलं. रझाशाहला ज्या बोटीतून नेलं तिचं नाव होतं 'बांद्रा'. त्याला वाटत होतं आपण हिंदुस्थानात उतरणार. बोट मुंबईच्या बाहेर येऊन थांबली. पण सरकारने त्याला पाय ठेवू दिला नाही. क्लॅरमॉन्ट स्क्राइन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बोटीवर जाऊन त्याला सांगितलं की तुम्हाला मॉरिशसला जायचं आहे. तिथून पुढे तो जोहान्सबर्गला गेला आणि १९४४ मध्ये तिथेच वारला. ज्या माणसाने परक्यांच्या हातात जाऊ नये म्हणून कर्जाशिवाय रेल्वे बांधली, तो मुंबईचे दिवे लांबून बघत होता आणि त्याची रेल्वे परक्यांच्या हातात होती. रझाशाह काही साधुपुरुष नव्हता, त्याच्या राजवटीत लोकांनी खूप भोगलं. तरीही.

असो. आता बंदराकडे वळू. कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

युद्धाचा इतिहास आपण वाचतो तो रणगाडे रणांगणावर पोचल्यानंतरचा. तिथवर ते पोचतात कसे, हे कुणी सांगत नाही. एक उदाहरण घ्या. अमेरिकेतून निघालेलं जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून दोन-अडीच महिन्यांनी आखातात येतं. पोटात रणगाडे, ट्रकचे सुटे भाग भरलेली खोकी, टायर, दारूगोळा, डबाबंद मांस. जहाजाची नेहमीची यारी काही टन वजन सहज उचलते. पण ब्रिटिश व्हॅलेंटाइन रणगाडा सोळा-सतरा टनांचा, अमेरिकन शर्मन तीस टनांच्या घरातला. त्याला अवजड यारी लागते, आणि ती बंदरात एखाद-दुसरीच. रणगाडा उचलला तर ठेवायचा कुठे? धक्क्यावर ठेवला तर धक्का अडला. म्हणून तो उचलायच्या आधी खाली रिकामी सपाट वाघीण उभी असायला हवी. वाघीण नसेल तर यारी थांबणार, यारी थांबली तर जहाज थांबणार, आणि हे जहाज हलल्याशिवाय मागच्याला धक्का मिळत नाही. १९४२ आणि १९४३ च्या सुरुवातीला आखातात जहाजं महिना महिना ताटकळत उभी असायची. तिकडे रशियात एकेका रणगाड्यासाठी तारांवर तारा, आणि इकडे शेकडो रणगाडे उन्हात पाण्यावर डोलत.

वाघीण मिळाली, रणगाडा चढला, साखळ्यांनी आवळला, पट्ट्यांखाली ठोकळे ठोकले. आता ती गाडी निघणार कधी? तर समोरून येणारी गाडी पोचल्यावर. कारण लाइन एकेरी! मला इथे आमचं साताऱ्याच्या अलीकडचं स्टेशन आठवलं. एकेरी लाइनीवर दिवसाला किती गाड्या जाऊ शकतात हे इंजिनाच्या ताकदीवर नाही, तर दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकतील अशी स्टेशनं किती जवळ जवळ आहेत यावर ठरतं. आणि वर गेलेली प्रत्येक वाघीण खाली यायलाच हवी, नाहीतर चार-आठ दिवसांनी बंदरात एकही वाघीण उरणार नाही. आत्तीचा प्रश्न अडाणी नव्हता. येणारी गाडी ही जाणाऱ्या गाडीइतकीच महत्त्वाची असते. बंदराचा कारभार बघणारा कुठलाही अधिकारी हे तुम्हाला सांगेल.

बंदर शाहपूरला बाहेर पडायला धड रस्ताच नव्हता, जे उतरायचं ते रेल्वेनेच जायचं. म्हणून खुर्रमशहर या दुसऱ्या बंदरापर्यंत अहवाजहून नवी रेल्वेलाइन टाकण्यात आली. ट्रकसाठी आणखी एक युक्ती. ट्रक जोडून आणला तर जहाजात हवाच जास्त भरते. म्हणून तो सुट्या भागांत, खोक्यांतून आणायचा आणि अंदीमेश्क आणि खुर्रमशहर इथे कारखाने उभारून तिथे जोडायचा. जोडून झाला की त्याच्याच पाठीवर माल लादायचा आणि रशियन ड्रायव्हर तो चालवत उत्तरेला नेणार. म्हणजे गाडीही पोचली आणि मालही, आणि रेल्वेच्या वाघिणी रणगाड्यांसारख्या अवजड सामानासाठी मोकळ्या राहिल्या. असे दीड लाखाहून जास्त ट्रक आखाताच्या वाटेने रशियाला गेले. हे वाचल्यावर मला त्या अनाम माणसाला दंडवत घालावासा वाटला, ज्याला हे पहिल्यांदा सुचलं असेल.

डोंगरातला पट्टा सगळ्यात वाईट. अंदीमेश्कच्या उत्तरेला लाइन डोंगरात शिरते आणि १३० हून अधिक बोगदे एकापाठोपाठ एक लागतात. वाफेचं इंजिन चढावर पूर्ण जोर लावून धुरासकट बोगद्यात शिरलं की आतल्या माणसांचं काय होत असेल? बाहेरच ४५-५० अंश तापमान. तोंडावर ओलं फडकं बांधून माणसं जमिनीशी वाकून बसायची. त्यात पाणी कमी, जे आहे ते खारट, आणि बॉयलरला तर पाणी भरपूर लागतं. इंग्रजांनी सुरुवातीला स्वतःच्या देशातली शंभराहून जास्त इंजिनं तेलावर चालतील अशी करून आणली. (हिंदुस्थानातली का नाही, असं माझ्या रेल्वेवेड्या मावसभावाने लगेच विचारलं. कारण आपलं ब्रॉडगेज साडेपाच फुटी आणि इराणचं गेज चार फूट साडेआठ इंची. आपली इंजिनं त्या रुळांवर बसलीच नसती.) पण वाफेवर हे भागणारं नव्हतं.

१९४३ मध्ये तेहरानच्या दक्षिणेची रेल्वे अमेरिकनांनी चालवायला घेतली. त्यांच्या पलटणी म्हणजे पेनसिल्व्हेनिया रेलरोडसारख्या कंपन्यांतले ड्रायव्हर, फिटर, स्टेशनमास्तरच, फक्त अंगावर गणवेश. त्यांनी डिझेल इंजिनं आणली. पन्नासच्या वर. काही तर अमेरिकेतल्या कंपन्यांच्या सेवेतून काढून घेतली, त्यांना दोन दोन धुरांऐवजी तीन तीन धुरांच्या बोगी लावल्या, म्हणजे वजन जास्त चाकांवर वाटलं जाऊन हलक्या रुळांवर चालतील. डिझेलला पाणी नको, धूर कमी. डोंगरातला पट्टा सुटला. १९४२ च्या तुलनेत मालाचा ओघ कितीतरी पटींनी वाढला.

या सगळ्यात आपली माणसं कुठे होती? पूल आणि बोगद्यांच्या तोंडाशी. युद्धकाळातल्या छायाचित्रांत हे दिसतं. रणगाड्यांनी भरलेली गाडी जाते आहे आणि रुळाच्या कडेला बंदूक घेऊन एक हिंदी शिपाई उभा आहे. त्याचं नाव फोटोखाली नसतं. इराण आणि इराक मिळून जो लष्करी विभाग केला होता त्याला 'पैफोर्स' म्हणत, आणि त्यात हिंदी पलटणी फार मोठ्या संख्येने होत्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान त्या काळात शेजारी इराकमध्ये होते, तिथून पुढे ते इटलीत लढले. सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या घरांत 'आजोबा बसऱ्याला होते' असं सांगतात, त्यांतल्या काही आजोबांनी ही गाडी पाहिली असणार. त्यांना कुणी विचारलंच नाही, आणि आता विचारता येत नाही.

रशियाला अमेरिकेकडून जी मदत गेली तिच्यातली जवळजवळ एक चतुर्थांश, सुमारे ४० लाख टन, या वाटेने गेली. उत्तरेची वाट किती महागात पडत होती ते बघायचं तर १९४२ च्या जुलैमधला पी.क्यू. १७ हा काफिला बघावा. ३५ मालवाहू जहाजांपैकी २४ बुडाली आणि त्यांच्याबरोबर ४३० रणगाडे समुद्रतळाशी गेले. इराणच्या वाटेने स्टालिनग्राड वाचवलं असं काही जण उत्साहाने लिहितात, ते मला पटत नाही. स्टालिनग्राड संपलं १९४३ च्या फेब्रुवारीत, आणि ही वाट भरात आली त्यानंतर. पण पुढे बर्लिनच्या दिशेने जी रशियन फौज सरकली ती मोठ्या प्रमाणावर अमेरिकन ट्रकांवर बसून, आणि त्यांतले पुष्कळ याच चिखलाच्या किनाऱ्यावर उतरलेले होते.

इराणला मित्रराष्ट्रांनी नाव दिलं 'विजयाचा पूल'. आता पुलावरून जाणाऱ्यांना पूल सोयीचाच वाटतो. खाली काय चाललं होतं?

१९४२ साली इराणमध्ये पीक कमी आलं. देशाचं धान्याचं कोठार म्हणजे उत्तरेकडचा आझरबैजान. तो रशियन फौजांच्या ताब्यात, तिथलं धान्य दक्षिणेला येईना. व्यापाऱ्यांनी साठे केले. परक्या फौजांच्या खर्चासाठी नोटा छापल्या गेल्या आणि भाव चढले. आणि ज्या थोड्याफार धान्याची हलवाहलव करता आली असती त्यासाठी ना वाघिणी होत्या ना ट्रक, कारण ते सगळं रशियाच्या मालाला जुंपलेलं. ८ डिसेंबर १९४२ ला तेहरानमध्ये भाकरीसाठी दंगल झाली. लोक मजलिसवर चालून गेले, पंतप्रधान कवाम यांचं घर जाळलं, गोळीबार झाला. मग मित्रराष्ट्रांनी गहू आणून द्यायचं कबूल केलं. पण हा गहू येणार कुठून? त्याच बंदरातून, त्याच यारीखालून, त्याच वाघिणीतून! एका वाघिणीत एकतर गहू जातो नाहीतर तोफगोळे. १९४३ मध्ये त्यावर टायफसची साथ आली.

माझं मन इथे दोन बाजूंना ओढलं जातं. हिटलर हरायला हवा होता, याबद्दल दुमत नाही. रणगाडे जायलाच हवे होते. पण त्या वाघिणींचा हिशोब ज्यांनी मांडला, त्यांच्या कोष्टकात तेहरानची बाई भाकरीच्या रांगेत उभी होती का? होती, पण फार खाली. दंगल झाल्यावर ती थोडी वर आली. १९४३ म्हटल्यावर आपल्याला बंगालचा दुष्काळ आठवतोच. तिथेही आधीच्या वर्षी जपानी येतील म्हणून सरकारने नावा काढून घेतल्या होत्या, आणि नावांच्या देशात नावा नसल्या की तांदूळ कसा फिरणार. चहा-साखरेच्या करातून रेल्वे बांधणाऱ्या लोकांना त्यांच्याच रेल्वेत पोत्याभर गव्हाला जागा मिळत नव्हती, एवढं मात्र खरं.

आणि आता आत्तीचा प्रश्न. भरलेली गाडी वर गेली. येताना तिने काय आणलं?

१९३९ मध्ये पोलंडचा पूर्व भाग रशियाने घेतला आणि लाखो पोलिश माणसांना घरातून उचलून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४१ मध्ये रशिया स्वतःच संकटात सापडल्यावर त्यांतल्या काहींना सोडायचं ठरलं. १९४२ च्या वसंतात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, कास्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून जास्त पोलिश लोक इराणच्या उत्तर किनाऱ्यावर पहलवी बंदरात उतरले. पुरुष बहुतेक सैन्यात गेले. उरल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं. अंगावर चिंध्या, डोक्यात उवा, उपासमारीने पोटं फुगलेली. पुष्कळ जण उतरल्यावरच गेले, तेहरानच्या पोलिश दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत. ज्यांनी त्यांना अन्न आणि कपडे दिले त्यांत सामान्य इराणी माणसं होती, हे त्या पोलिश मुलांनी मोठेपणी आवर्जून सांगितलं आहे. स्वतःच भाकरीच्या रांगेत असलेली माणसं.

तेहरानात इतक्या लोकांना ठेवणं शक्य नव्हतं. त्यांना पुढे पाठवायचं होतं, पूर्व आफ्रिकेत, हिंदुस्थानात. आणि तेहरानहून समुद्राकडे जायचं तर वाट एकच. तीच एकेरी लाइन, तेच बोगदे. उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत रणगाड्यांखेरीज कशाला जागा नव्हती, पण दक्षिणेकडे जागाच जागा होती. ही माणसं रेल्वेने अहवाजला आली, तिथल्या छावणीत थांबली आणि मग आखातावरच्या बंदरातून बोटीने कराचीला निघाली. वाटेत कुठल्या तरी लहानशा स्टेशनात त्यांची गाडी बाजूच्या रुळावर उभी राहिली असेल. समोरून रणगाड्यांची गाडी धडधडत गेली असेल, रशियाकडे, जिथून या मुलांना कसंबसं सोडवून आणलेलं होतं. खिडकीतून कुणी वाघिणी मोजल्या असतील का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

कराचीहून त्यांना रेल्वेने आपल्याकडे आणलं. शेवटचा टप्पा मिरज ते कोल्हापूर, तेव्हाच्या मीटरगेज गाडीने. वळिवड्याला १९४३ मध्ये छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. बराकी, शाळा, चर्च, नाटकं, सगळं तिथे होतं. आत्ती तेव्हा सात-आठ वर्षांची. तिच्या आठवणीतल्या बायकांना लांब बाह्यांचे झगे होते, त्या भाजीवालीशी बोटांवर मोजून भाव करायच्या आणि 'नको' हा शब्द त्यांना पहिल्यांदा आला. त्या गरीब होत्या की श्रीमंत हे या पोरांना कळत नसे, कारण रंगाने साहेबाच्या आणि पिशवीत मात्र चार वांगी.

हे सगळं जुळून आलं तेव्हा आत्ती नव्हती. आम्ही गेल्या महिन्यात तिच्या वर्षश्राद्धाला जमलो होतो, तेव्हा मी सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. रेल्वेवेड्या मावसभावाने डिझेल इंजिनांवर दहा प्रश्न विचारले. आत्तीची नात मात्र शांतपणे ऐकत होती, तिने एकच विचारलं, "मग त्या परत कशा गेल्या?"

परत फारशा कुणी गेल्या नाहीत, कारण त्यांची गावं युद्धानंतर पोलंडमध्येच राहिली नव्हती, रशियाच्या हद्दीत गेली होती. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. वळिवड्याहून रेल्वेने मुंबईला आणि मुंबईच्या गोदीतून बोटीने, कुणी इंग्लंडला, कुणी आफ्रिकेत आधीच गेलेल्या नातेवाइकांकडे. बराकी मोकळ्या झाल्या तिथे फाळणीनंतर आलेली सिंधी माणसं राहायला आली, तेच आजचं गांधीनगर. आपण लग्नाचे कपडे घ्यायला जातो, ते.